डावीकडे दोन, उजवीकडे तीन

तर झालं असं, की २०२३ साली बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं.

हजार पौर्णिमा बघायला माणसाला साधारण ८० वर्षं आणि १० महिने लागतात. (एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. करा गुणाकार. मी केला, कारण गुरुजींनी काढलेला दिवस बरोबर आहे का ते तपासून बघ, असं खुद्द उत्सवमूर्तींनी मला बजावलं होतं.) कर्वे रस्त्यावर हॉल ठरला, जेवणात मसालेभात की पुलाव यावर तीन दिवस चर्चा झाली, शेवटी अपेक्षेप्रमाणे मसालेभात जिंकला. आणि मग वहिनीने पिल्लू सोडलं. "फोटो बूथ ठेवू या का?"

तिच्या मामेबहिणीच्या लग्नात होता म्हणे. कोपऱ्यात एक पडदा, समोर कॅमेरा, लोकांनी चष्मे-टोप्या घालून तोंडं वाकडी करायची आणि दोन मिनिटांत चार फोटोंची उभी पट्टी हातात. नातेवाईक ती पट्टी घेऊन घरी जातात आणि फ्रिजवर लावतात. कल्पना छान होती. एका बूथवाल्याने चार तासांचे जे पैसे सांगितले ते ऐकून मात्र माझ्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला.

"आत्या, यात काही नाहीये," आमचे भाचेबुवा म्हणाले. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. "लॅपटॉप आहे, कॅमेरा आहे, प्रिंटर तुझ्याकडे आहे. झालं की!"

'यात काही नाहीये' हे वाक्य ज्या ज्या वेळी माझ्या आयुष्यात उच्चारलं गेलंय, त्या त्या वेळी पुढचे पंधरा दिवस माझी झोप उडाली आहे. असो.

अप्पा बळवंत चौकातून चमकदार फोटो पेपर आणला, चार बाय सहा इंची. एक छोटा कटर आणला. भाच्याने कॉम्प्युटरवर साचा केला. फोटो बूथची पट्टी दोन इंच रुंद आणि सहा इंच लांब असते. म्हणजे चार बाय सहाच्या एका कागदावर अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी छापायच्या आणि मधोमध कापायच्या. एक पाहुण्यांना, एक आपल्या वहीत चिकटवायला. प्रत्येक पट्टीत फोटोंच्या दोन्ही बाजूंना तीन तीन मिलिमीटरची पांढरी किनार, खाली 'आजोबा ८१'. पडद्यावर इतकं सुरेख दिसत होतं!

पहिला कागद बाहेर आला. मधोमध कापला. डाव्या पट्टीत डावीकडची किनार जेमतेम एक मिलिमीटर, उजवीकडची अडीच. उजव्या पट्टीत तर आणखी गंमत. डावीकडे साडेतीन आणि उजवीकडे काहीच नाही. फोटो थेट कागदाच्या कडेला जाऊन टेकलेला. एखाद्या माणसाने शर्टाचं पहिलं बटण दुसऱ्या काजात घातलंय, असं काहीसं दिसत होतं.

"सरकवतो थोडं डावीकडे," भाचा म्हणाला. सरकवलं. उजवी पट्टी सुधारली, पण डाव्या पट्टीतल्या वहिनीचा कान कापला गेला. परत उजवीकडे सरकवलं. डावी सुधारली, उजवीतला दादा अर्धा गायब. अठरा कागद झाले. फोटो पेपरची किंमत आणि शाईची किंमत मी मनातल्या मनात मोजत होते. बूथवाल्याचा आकडा हळूहळू वाजवी वाटायला लागला होता.

हे सगळं चाललं होतं नारायण पेठेत, आईबाबांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत. त्यांना कंपवात होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हात थरथरायचे, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले होते आणि आवाज इतका बारीक झाला होता की फॅन बंद केल्याशिवाय ऐकू यायचा नाही. साहजिकच आम्ही त्यांच्याशी कमी आणि त्यांच्याबद्दल जास्त बोलायला लागलो होतो. त्यांच्यासमोरच. घरात आजारी माणूस असला की हे होतं, आणि होताना कळत नाही.

ते काहीतरी म्हणाले. आईने फॅन बंद केला.

"कापू नका," बाबा म्हणाले. "न कापलेला कागद दाखवा."

*

इथे थोडं मागे जायला हवं.

बाबा छापखान्यात होते. घरापासून चार गल्ल्यांवरच्या एका छापखान्यात, पस्तीस वर्षं. सुरुवात खिळे जुळवण्यापासून, मग ट्रेडल, मग ऑफसेट मशीन. पावसाळा संपत आला की दिवाळी अंकांची कामं सुरू व्हायची आणि बाबा आम्हाला दिसायचेच नाहीत. रात्री कधीतरी यायचे. हाताला रॉकेलचा आणि शाईचा वास. नखांच्या कडा कायम काळ्या.

आठवीत असताना नव्या बाईंनी प्रत्येकीला वडील काय करतात ते विचारलं. मी म्हटलं, "प्रेसमध्ये आहेत." बाई म्हणाल्या, "अरे वा, पत्रकार!" आणि मी गप्प बसले. नुसती गप्प बसले, बाकी काही केलं नाही. वर्षभर माझ्या वर्गात मी पत्रकाराची मुलगी होते.

स्नेहसंमेलनाला बाबा आले. एका मैत्रिणीच्या आईने मोठ्या कौतुकाने विचारलं, "तुम्ही कुठल्या पेपरात लिहिता?" मी शेजारीच उभी. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "लिहीत नाही. छापतो." आणि मग कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन ती डोळ्यासमोर तिरकी धरून बघत बसले.

घरी येताना त्या विषयावर एक अक्षर नाही. त्यानंतरही कधीच नाही. मीही काढला नाही.

कागद तिरका धरून बघायची मात्र त्यांना जन्मभराची खोड. लग्नपत्रिका आली की कोणाचं लग्न हे नंतर. आधी समास बघणार. "डावीकडे सरकलंय." कॅलेंडर आलं की, "लाल दबलाय, निळा उजवीकडे गेलाय." एकदा तर वधूपित्याच्या तोंडावर म्हणाले होते. आईने काढलेला चिमटा मला अजून आठवतो.

लहानपणी आम्ही कार्ल्याची लेणी बघायला गेलो होतो, लोकलने मळवलीला उतरून. दादा आणि मी कधी एकदा लेणी गाठतो या घाईत. बाबा स्टेशनबाहेरच थांबले. म्हणाले, राजा रविवर्म्याचा छापखाना इथे होता. १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि १८९९ साली इकडे मळवलीला आणला. १९७२ साली तो आगीत गेला. मग रस्ताभर आम्हाला सांगत होते, की एकेका रंगाचा वेगळा दगड असायचा. लक्ष्मीच्या साडीचा लाल वेगळ्या दगडावर, कमळाचा गुलाबी वेगळ्या. तोच कागद पुन्हा पुन्हा एकेका दगडावर जायचा आणि दर वेळी नेमक्या त्याच जागी बसायला हवा. केसभर चुकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जाणार. "आणि घरोघरी देव्हाऱ्यात लावलेले असतात, तिथे ओठ गालावर आलेले चालतात का?" आम्ही म्हटलं, "बाबा, चला ना!"

तिथे त्यांचं बोलणं थांबलं. १९९९ साली छापखाना बंद झाला तेव्हा मी कॉम्प्युटरच्या नोकरीत स्थिरावले होते. त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना त्यानंतर कधी काही विचारल्याचं आठवत नाही. आधीही नाहीच म्हणा.

*

तर न कापलेला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. हातातलं थरथरणं इतकं, की कागद फडफडत होता. आईने मागून एक पाट आणून दिला, त्यावर कागद दाबून धरला. मग त्यांनी मान तिरकी केली. तीच ती.

"तुम्ही सगळा कागद सरकवताय," ते म्हणाले. "पट्ट्या दोन आहेत."

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते इथे नीट लिहून ठेवते, कारण तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडायला अर्धा तास लागला होता.

कडेपर्यंत छापायचं म्हटलं, म्हणजे प्रिंटरला 'बॉर्डरलेस' सांगितलं, की प्रिंटर चित्र मुद्दाम थोडं फुगवतो. कारण कागद आत जाताना दर वेळी तंतोतंत एकाच जागी जात नाही. चित्र अगदी कागदाच्या मापाचं ठेवलं तर कुठल्या तरी कडेला पांढरी रेघ राहणार. म्हणून चित्र मोठं करायचं आणि चारी बाजूंनी थोडं कागदाबाहेर सांडू द्यायचं. बाहेर सांडलेली शाई प्रिंटरच्या पोटातला स्पंज पितो. एकच मोठा फोटो असेल तर दोन मिलिमीटर गेलेले कोणाला कळतही नाहीत. पण आपण कागद मधोमध कापणार! बाहेरच्या दोन कडांचा समास प्रिंटरने खाल्ला, आणि मधल्या कापाच्या दोन्ही बाजूंचा समास मात्र शाबूत राहिला. म्हणून डाव्या पट्टीची डावी किनार बारीक, उजव्या पट्टीची उजवी बारीक. आरशात बघितल्यासारखं.

"आरशासारखं दिसलं तर फुगलंय," बाबा म्हणाले. "दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला कलल्या तर सरकलंय. आणि एक पट्टी रुंद, एक अरुंद झाली तर छपाईचा दोष नाही. कापणाऱ्याचा."

(इथे कापणाऱ्याने, म्हणजे मी, नजर चुकवली.)

आमच्याकडे पहिले दोन्ही दोष एकदम झाले होते. चित्र फुगलं होतं आणि शिवाय थोडं उजवीकडे सरकलं होतं. म्हणून डावी पट्टी थोडी बिघडलेली आणि उजवी पार गेलेली. आम्ही सगळा साचा एकत्र इकडेतिकडे ढकलत होतो, त्याने एकीचं भलं केलं की दुसरीचं वाटोळं होणारच होतं.

"मग किती सरकवू, आजोबा?" भाच्याने विचारलं.

"मला काय माहीत? मशीनला विचार."

मशीनला विचारायचं म्हणजे काय, तर फोटो काढून टाकायचे आणि नुसत्या रेघा छापायच्या. चारही कडांपासून आत, दर मिलिमीटरला एक रेघ, तिच्यावर आकडा. शून्य, एक, दोन, तीन. बॉर्डरलेसच छापायचं. कागद बाहेर आला की कडेला पहिला आकडा कुठला दिसतो ते बघायचं. जे दिसत नाहीत ते मशीनने खाल्ले.

भाच्याने पाच मिनिटांत रेघांचा कागद तयार केला. एक छापून बाबांसमोर नाचवत आणला. बाबांनी हातात घेतलाच नाही. "एका कागदावर विश्वास ठेवू नको. पाच काढ." आणि त्याआधी ट्रेमधली थप्पी बाहेर काढायला लावली, हलकेच झटकायला लावली, टेबलावर आपटून चारी कडा सारख्या करायला लावली, आणि मग ट्रेची सरकती पट्टी कागदाला टेकेल पण दाबणार नाही अशी बसवायला लावली. अर्धा दोष म्हणे तिथेच असतो. आम्ही कागद आत नुसते कोंबले होते.

पाच कागद आले. चारांवर डावीकडे पहिली रेघ दोनची, उजवीकडे तीनची. पाचव्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक. "तो सोड," बाबा म्हणाले. मग पेन्सिल मागितली.

त्या दिवसांत ते सही करायचंही टाळायचे. कंपवातात अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं आणि त्यांना त्याची लाज वाटायची. पण रेघांच्या कागदावर त्यांनी लिहिलं. 'डा २. उ ३. एकूण ५.' शेवटचा पाच मुंगीएवढा.

आता हिशेब. चित्र चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर रुंद. त्यातलं डावीकडचं २ आणि उजवीकडचं ३ गेलं. उरलं ९६.६. आपण जिथे कापणार तो कागदाचा मध्य, म्हणजे चित्रातला ५०.३ वा मिलिमीटर. आम्ही ५०.८ धरून बसलो होतो. आणि प्रत्येक पट्टीच्या वाट्याला ४८.३ मिलिमीटरच येतात. त्या ४८.३ च्या मध्यावर फोटो आणायचे, तर डाव्या पट्टीतले फोटो पाऊण मिलिमीटर उजवीकडे आणि उजव्या पट्टीतले पावणेदोन मिलिमीटर डावीकडे. दोन पट्ट्या, दोन दिशा, दोन वेगळी मापं. भाच्याच्या भाषेत, ३०० ठिपक्यांच्या छपाईत मिलिमीटरला सुमारे बारा पिक्सेल, म्हणजे नऊ इकडे आणि एकवीस तिकडे.

"आणि किनार तीनची पाच कर," बाबा म्हणाले. "फोटो लहान होतात, होऊ देत. बारीक किनारीत अर्धा मिलिमीटर ओरडतो. रुंद किनारीत त्याला कोणी विचारत नाही."

कापायच्या रेषेवर वर आणि खाली एकेक केसाएवढी खूण छापायला लावली. कटरचं पातं बरोबर तिच्यावर ठेवायचं, म्हणजे खूणही राहत नाही. उंचीचंही तसंच मोजून घेतलं, 'आजोबा ८१' मधला एक तळातून कापला जात होता तो वर आला.

एकोणिसावा, म्हणजे खरं तर चोविसावा, कागद बाहेर आला. कापला. भाच्याने पट्टी घडी घालून दोन्ही किनारी एकमेकींवर ठेवून बघितल्या. जुळल्या.

"आजोबा, यू आर अ जीनियस!"

बाबांनी पट्टी तिरकी धरून बघितली. "चालेल," म्हणाले. आईने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं, की 'चालेल' हा त्यांचा वरचा नंबर होता. मालकांनाही तेवढंच मिळायचं.

मी परत बाहेर आले. फॅन अजून बंदच होता. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "बाबा, छापखान्यात पण असंच मोजायचात का?"

पाऊण तास बोलत होते. ग्रिपर कागद कुठे पकडतो, त्या बाजूला चित्र का नेता येत नाही. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ रात्री दोन वाजता थांबवून प्लेट पुन्हा बसवली तेव्हा मालक कसे चिडले होते, आणि सकाळी त्यांनीच पेढे कसे आणले. पहिल्यांदा खिळे जुळवायला शिकले तेव्हा सगळं उलटं वाचावं लागायचं, त्याने घरी येऊन सुलटं वाचताना कशी गंमत व्हायची. भाचा खाली बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आत्या, तुला हे सगळं माहीतच असेल ना?"

मी नाही म्हटलं.

आठवीतल्या त्या गोष्टीबद्दल तेव्हा बोलावं असं फार मनात आलं. बोलले नाही. तेवढ्यात आईने चहा आणला.

*

कार्यक्रम छान झाला. मसालेभात संपला. बूथ तुफान चालला. (ही फोटोच्या पट्टीची कल्पना शंभर वर्षांची आहे बरं का! अनातोल जोसेफो नावाच्या, सायबेरियातून आलेल्या माणसाने १९२५ साली न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर पहिला बूथ उघडला. पंचवीस सेंटमध्ये आठ फोटोंची पट्टी. दोन वर्षांत त्याने अमेरिकेतले हक्क दहा लाख डॉलरला विकले. मात्र त्या जुन्या यंत्रांत कागदच पट्टीएवढा असायचा, त्यामुळे मधोमध कापायची भानगड त्याला नव्हती. नाहीतर त्यालाही बाबांकडेच यावं लागलं असतं.) आत्याबाई, मावश्या, छापखान्यातले दोन जुने सहकारी, सगळ्यांनी टोप्या घालून फोटो काढले. ते दोघे सहकारी पट्टी हातात पडल्यावर चेहरे बघायच्या आधी काय करत होते, सांगू? कागद तिरका धरून किनार बघत होते. मग दोघांनी एकदम बाबांकडे बघितलं. बाबांनी भाच्याकडे बोट दाखवलं.

आईबाबांचीही एक पट्टी आहे. चार फोटोंपैकी तीनमध्ये बाबा गंभीर. कंपवाताने चेहरा तसा झाला होता, आत काय चाललंय ते बाहेर यायचं नाही. चौथ्यात ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. शेजारच्या टेबलावर प्रिंटर कागद ओढत होता, तिकडे बघतायत.

बाबा जाऊन आता वर्ष होईल. तेराव्याला ठेवायचा फोटो एका दुकानातून मोठा करून आणला. घरी येऊन कागद उलगडला आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल? तिरका धरून बघितला. डावीकडची किनार मोठी होती. दादा म्हणाला, "अगं, हार घातल्यावर दिसणार पण नाही." मी रिक्षा करून परत गेले आणि नीट करून आणला. दुकानदार वैतागला. वैतागू दे.

कपाट आवरताना परवा तो रेघांचा कागद सापडला, पेन्सिलीच्या आकड्यांचा. मी समजत होते तो टाकून दिला असेल. आईने बाबांच्या चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला होता. चमकदार कागदावरची पेन्सिल फार टिकत नाही. 'एकूण ५' मधला पाच आता जवळजवळ दिसत नाही, उजेडात तिरका धरला तरच दिसतो.

कोणाला घरच्या कार्यात पट्ट्या छापायच्या असतील तर भाच्याने केलेला साचा आणि रेघांचा कागद माझ्याकडे आहे, मागा. पण आमची मापं तुमच्या प्रिंटरला चालणार नाहीत. पाच कागद काढा आणि तुमचं मशीन किती खातं ते त्यालाच विचारा. आणि किनार पाच मिलिमीटर ठेवा.